एफ-१ दाबण्याआधी

सिडकोत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंचा कॉम्प्युटर चालू केला की काळ्या स्क्रीनवर एक ओळ यायची: ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’, म्हणजे हार्ड डिस्कची तब्येत बिघडली आहे, डेटाची प्रत घ्या आणि डिस्क बदला. पुढे जायचं तर एफ-१ दाबा. काकूंनी तीन आठवडे एफ-१ दाबला, कारण दाबल्यावर विंडोज नीट सुरू व्हायचं. त्याच डिस्कवर २०१५च्या सिंहस्थात काकांनी रामकुंडावर काढलेले फोटो होते. काका आता नाहीत. फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

म्हणून कळकळीने सांगतो, असा इशारा आला की आधी कॉपी करा, तपासणी नंतर. कॉपी वेगळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर हवी. सी ड्राइव्हमधून डी ड्राइव्हमध्ये टाकून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत. बहुतेक घरी ते दोन्ही एकाच डिस्कचे भाग असतात. विंडोज आणि प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतात, त्यांच्यात वेळ घालवू नका. फोटो, हिशेब, शाळेची कागदपत्रं आधी घ्या. एखादी फाइल अडकली तर ती सोडून पुढे जा. आणि या टप्प्यावर चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवू नका. खराब सेक्टर (डिस्कवर डेटा ठेवायचे छोटे कप्पे) शोधायला लावलं तर ते तासन्‌तास अख्खी डिस्क वाचत बसतं, आणि आधीच थकलेली डिस्क त्यातच बंद पडू शकते.

कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. ‘स्मार्ट’ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली वही. हे सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल वाईट. पण रंगावर थांबू नका, उजवीकडच्या ‘रॉ व्हॅल्यूज’, म्हणजे मूळ आकडे, बघा. तिथे अंकांत इंग्रजी अक्षरं मिसळलेली दिसतील. सेटिंगमध्ये दशमान निवडलं की साधे आकडे येतात.

०५ या ओळीत किती सेक्टर खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले गेले ते कळतं. सी५ म्हणजे वाचता न आलेले, पण अजून निकाल न लागलेले सेक्टर. माझ्या मते सी५ ही सगळ्यात महत्त्वाची ओळ, कारण तुमची एखादी फाइल या क्षणी तिथे अडकलेली असू शकते. सी६ मधले सेक्टर डिस्कने स्वतः तपासूनही सुधारता आले नाहीत.

एकदा बघून भागत नाही. आकडे तारखेसह कागदावर लिहा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. काकूंच्या डिस्कचा ०५ चा आकडा संध्याकाळी २४ होता, दुसऱ्या दिवशी ६१. वाढत्या आकड्याची डिस्क बदलायचीच. वर्षभर ८ वरच थांबलेली डिस्क मी सिनेमे ठेवायला वापरेन, पण एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवणार नाही.

सी७ची गोष्ट वेगळी. यात डेटा नेता-आणताना झालेल्या चुका मोजल्या जातात. त्या डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेवर होतात, आणि बहुतेकदा दोष या दोघांना जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. सातपूरचा एक मुलगा याच आकड्याला घाबरून डिस्क टाकून देणार होता. केबल बदलली, आकडा वाढायचा थांबला. तो शून्यावर मात्र परत येत नाही, त्याची काळजी करू नका.

निळ्या रंगावरही पूर्ण विसंबू नका. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या स्मार्टच्या नोंदींत, तापमान सोडलं तर, काहीच आलेलं नव्हतं.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका. लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलंसुरलंही जातं.

काकूंची डिस्क तोवर आवाज करत नव्हती. रात्री साडेअकरापर्यंत कॉपी चालली. रामकुंडाचे ११ फोटो अर्धे करडे आले, बाकी सगळे मिळाले. आता एक प्रत काकूंच्या कपाटात आहे, दुसरी मुलीकडे पुण्याला.