जुन्या गाडीसाठी त्याच काळातल्या ॲक्सेसरीज कशा जमवायच्या

गाडी आहे, चालू आहे, पेपर क्लिअर आहेत आणि आता तिला तिच्या काळातले फॉग लॅम्प, बॅज बार (क्लबचे बॅज लावायची बंपरजवळची दांडी), रेडिओ, डॅशबोर्डवरचा छोटा पंखा असं काही लावायचं मनात आहे, एवढं धरून लिहितोय. गाडीसोबत कंपनीतून आलेलं सामान हा वेगळा विषय, ते स्पेअर पार्टमध्ये गेलं. मी बोलतोय ते मालकाने नंतर दुकानातून घेऊन हौसेने लावलेल्या, बाहेरच्या कंपन्यांच्या सामानाबद्दल. ह्यावर सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत आणि नव्वद टक्के लोकांचा सल्ला एकच असतो, "दिसते ना जुनं, मग घेऊन टाक भाऊ, क्रोम मारून घेऊ." हा सल्ला अजिबात ऐकू नका. काहून, ते खाली सांगतोच.

आधी साल पक्कं करा

आरसीवरचं साल आणि चेसिस प्लेट दोन्ही जुळवून बघा. मग सोपा नियम असा की गाडी बनली त्या सालापासून पुढची साधारण दहा वर्षं तुमची, त्या काळात दुकानात मिळत होतं ते सगळं चालेल. त्याच्या थोडं आधीचंही चालेल कारण दुकानात माल पडून राहायचा आणि नंतर विकला जायचा. १९५८ च्या अँबेसेडरला १९५४ चा दिवा शोभतो, पण एच ४ हॅलोजनचा दिवा शोभत नाही कारण तो बल्बच १९७१ चा आहे. एच १ बल्बसुद्धा १९६२ चा, पन्नासच्या दशकातल्या फियाट ११०० ला, म्हणजे आपल्या डुक्कर फियाटला, तो दहा वर्षांच्या हिशोबात जेमतेम बसतो, त्यामुळे तिच्या तोंडावर हॅलोजन दिसला की आधी शंका घ्यायची.

सालासोबत व्होल्ट आणि अर्थ (बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते) पण मोबाईलमध्ये लिहून ठेवा. फोक्सवॅगन बीटल १९६६-६७ पर्यंत आणि अमेरिकन गाड्या साधारण १९५५ पर्यंत बहुतेक ६ व्होल्टच्या असतात, आणि लुकास ह्या इंग्लिश कंपनीची वायरिंग असलेल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉझिटिव्ह अर्थ असायचा.

शोधायचं कुठे

मुंबईचा चोर बाजार, कोलकात्याचा मलिक बझार, दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, जा, फिरा, पण माझं स्पष्ट मत आहे की नागपूरकराने आधी नागपुरातली घरं बघावी. हे शहर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताच्या आणि मग मध्य प्रदेशाच्या राजधानीचं गाव होतं. साहेब लोक, मोठे वकील-डॉक्टर, मालगुजार, जिनिंगवाले, मँगनीज खाणीवाले, गाड्या होत्या त्या अशा लोकांकडे. गाड्या कधीच विकल्या गेल्या पण गाडी विकताना काढून ठेवलेला दिवा, बॅज, फुटलेल्या काचेचं घड्याळ हे महाल नाहीतर धरमपेठ भागातल्या घरांच्या माळ्यावर अजूनही पडलेलं असतं. दिवाळीच्या साफसफाईआधी ओळखीपाळखीत सांगून ठेवायचं. गेल्यावर थेट "विकता का" म्हणायचं नाही, "काकू, गाडीचे जुने फोटो आहेत का" असं विचारायचं. लग्नाच्या अल्बममध्ये वरातीची फुलांनी सजवलेली गाडी असतेच, आणि त्या फोटोत बंपरवर कोणते दिवे होते, जाळीवर कोणता बॅज होता हे स्पष्ट दिसतं. तो फोटो मोबाईलमध्ये काढून घ्या. त्या काळात इथल्या गाड्यांवर खरंच काय लावत होते ह्याचा एवढा चांगला पुरावा दुसरा नाही.

स्पेअर पार्टच्या जुन्या दुकानदाराला पण माळा उघडायला लावा, पण दुपारी, गिऱ्हाईक नसताना.

खरी परीक्षा: वस्तू उलटी करून बघा

ह्या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त अडलो होतो, कारण पुढून बघितलं तर सगळंच जुनं दिसतं. बनवणारा पुढच्या बाजूवरच मेहनत घेतो. म्हणून वस्तू हातात आली की आधी उलटी करायची, उन्हात न्यायची आणि मागची बाजू वाचायची. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली निर्णय घ्यायचाच नाही, विक्रेता कितीही घाई करू दे.

एक उदाहरण सांगतो. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याने मला फॉग लॅम्पची जोडी दाखवली, मूळ पुठ्ठ्याच्या डब्यात, डब्यावर किंमत रुपये-आणे-पै मध्ये. आता दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, त्यामुळे आण्यातली किंमत म्हणजे डबा त्या सुमाराचा किंवा आधीचा, इथपर्यंत त्याचं बरोबर होतं. दिवा बाहेर काढून काच उन्हात तिरपी धरली तर खालच्या कडेला गोलातला ई आणि त्यापुढे आकडा. ही खूण ज्या युरोपीय करारातून आली तो करार १९५८ चा, म्हणजे ही काच त्याच्या आधीची असूच शकत नाही. काच नंतर बदलली असेल असं मानून मी मागचा नट हाताने सोडवला आणि खिशातल्या एम ६ च्या (६ मिलिमीटर, मेट्रिक आट्यांच्या) बोल्टवर फिरवला. गुळगुळीत शेवटपर्यंत गेला. दिव्यावर नाव इंग्लंडचं, आणि त्या काळातल्या इंग्लिश दिव्याला मेट्रिक आटे? डबा खरा होता, आतला माल अलीकडचा होता. जोडी परत ठेवली.

ह्यातून कामाची गोष्ट एवढी घ्या की प्रत्येक खूण एकाच बाजूने बोलते. गोलातला ई, हॅलोजनचा होल्डर, डब्यावरचा सहा आकडी पिन कोड, ह्या खुणा फक्त "ह्याच्या आधीचं नाही" एवढं सांगतात. पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्याआधी पत्त्यात नुसतं "बॉम्बे ७" असं असायचं. "वेस्ट जर्मनी" लिहिलंय तर १९४९ ते १९९० च्या मधलं. "नये पैसे" लिहिलंय तर १९५७ ते १९६४, हा तर फारच छान पट्टा मिळाला. "लुकास-टीव्हीएस" (लुकासची भारतातली कंपनी) आहे तर साठच्या दशकातलं किंवा नंतरचं. रेडिओच्या डायलवर एफएमचा पट्टा असेल तर तो इथल्या साठच्या दशकातल्या गाडीत तेव्हाच बसलेला असण्याची शक्यता फार कमी कारण आकाशवाणीचं एफएमच १९७७ ला मद्रासला सुरू झालं. एका खुणेवर विसंबायचं नाही, दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघायचं, आणि डबा आणि वस्तू ह्यांना कायम वेगवेगळं तपासायचं.

नट-बोल्टचं मी परत सांगतो कारण हे कोणी करत नाही. जुन्या इंग्लिश मालाला व्हिटवर्थ, बीएसएफ किंवा बीए आटे (ही आट्यांची जुनी इंग्लिश मापं), नंतर हळूहळू युएनएफ हे इंची माप. जर्मन, इटालियन, फ्रेंच मालाला मेट्रिक आटे, तिथे एम ६ बसला तर काही बिघडत नाही. खिशात एक एम ६ चा बोल्ट आणि एक पाव इंची बोल्ट ठेवा, बस. फक्त एक सावधगिरी बाळगा, बीए मधला ० नंबर एम ६ च्या आणि २ नंबर एम ५ च्या खूप जवळ आहे, त्यामुळे नुसत्या नटावरून निष्कर्ष काढू नका.

मग गंज आणि मळ बघा. खरा जुनेपणा कधीच सारखा नसतो. ब्रॅकेटच्या वॉशरखाली धातू ताजा असतो आणि बाजूला काळवंडलेला, स्क्रूच्या खाचेत ग्रीस आणि धूळ मिळून दगड झालेली असते, जिथे हात लागायचा तिथे प्लेटिंग पातळ झालेलं असतं. ॲसिडमध्ये बुडवून जुनी केलेली वस्तू वॉशरखालीसुद्धा तेवढीच काळी निघते. पितळी भोंगे तर असे ढिगाने मिळतात, ते शोभेचे म्हणून बनवलेले असतात, दिवाणखान्यात ठेवा, गाडीला नको. लुकासच्या हॉर्नवर, डायनॅमोवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, उदाहरणार्थ ९ ५८ म्हणजे सप्टेंबर १९५८. तो ठसा रंगाच्या खाली असला पाहिजे. ठशाच्या कडेला रंगाचे टवके उडालेले असतील तर तो नंतर ठोकलाय.

बॅजवर मीनाकारी खरी की प्लॅस्टिकची हे कळायला सुईचं टोक कडेला हलकेच ओढा, मिन्यावर ओरखडा पडत नाही, प्लॅस्टिकवर लगेच पडतो. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ ची, ब्रिटनची एए (ऑटोमोबाईल असोसिएशन) १९०५ ची, ह्यांचे जुने बॅज इथल्या घरांतून अजून निघतात आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही फिरतात. वायर बघा, जुनी वायर सुती विणीची, आत रबर, पीव्हीसीची वायर नंतरची. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतल्या गाडीसाठी कोणी चकचकीत क्रोमचा दिवा देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा, तेव्हा निकेल होतं, त्याला किंचित पिवळसर झाक असते, क्रोम निळसर दिसतं आणि ते गाड्यांवर विसाच्या दशकाच्या शेवटी आलं.

भाव

पूर्ण जोडीचे पैसे जोडीलाच द्या, एकट्या दिव्याला अर्धे देऊ नका, त्याहून बरेच कमी द्या, कारण दुसरा मिळेलच ह्याची खात्री नाही.

साफसफाई

कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. रिफ्लेक्टरला ब्रासो अजिबात लावायचा नाही, जुन्यांवर चांदीचा पातळ थर असतो आणि नंतरच्यांवर ॲल्युमिनियमचा, तो तर बोटाने पण निघतो. जस्ताच्या कास्टिंगवर फोड आलेले असतील तर प्लेटिंगवाल्याकडे टाकायच्या आधी शंभरदा विचार करा, ॲसिडमध्ये कास्टिंग खाल्लं जातं आणि अक्षरं, कडा सगळं बोथट होऊन परत येतं. मी तर फोड असलेलं तसंच लावतो. ज्या वस्तूने पन्नास-साठ उन्हाळे काढलेत तिच्या अंगावर ते दिसले पाहिजेत, आणि तुमची वरची सगळी तपासणी ज्या खुणांवर उभी आहे त्या खुणाच नवीन क्रोम पुसून टाकतं.

लावताना

बॉडीला भोक पाडायचं नाही. बॅज बार आणि दिवे बंपरच्या मूळ बोल्टवर बसतात, ब्रॅकेट करून घ्या. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, त्यात चेसिस, बॉडी, इंजिन बदललेलं नसावं ही अट आहे, त्यामुळे जे लावाल ते पान्याने निघेल असंच लावा. आलटून पालटून सुरात वाजणारे हॉर्न रस्त्यावर चालत नाहीत, मोटार वाहन नियमांत मनाई आहे, ते प्रदर्शनापुरते.

करंटचा हिशोब करा. बॅटरी चार्ज करणारा लुकासचा सी ४० डायनॅमो २२ अँपिअरचा. ४८ वॅटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे १२ व्होल्टला ८ अँपिअर, त्यात हेडलाईट, इग्निशन, आणि वर रेडिओ लावला की बॅटरी खाली जायला लागते. रिले आणि फ्यूज टाकाच, लपवून टाका पण टाका. साध्या बल्बला पॉझिटिव्ह अर्थने काही होत नाही, ट्रान्झिस्टर रेडिओ मात्र एका सेकंदात जातो, म्हणून रेडिओच्या मागची पट्टी वाचल्याशिवाय इलेक्ट्रिशियनच्या हातात देऊ नका.

नागपूरचा उन्हाळा

जमवलेलं सामान टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. नवतप्यात शेडच्या आत सेल्युलॉइडचे स्टिअरिंगचे लट्टू वाकडे होतात आणि बबल रॅप तर रंगाला चिकटून बसतो. घरात, लोखंडी पेटीत, सुती कापडात गुंडाळून ठेवा.

आणि एक वस्तू अशी आहे जी ह्या शहरासाठीच बनल्यासारखी आहे, ती म्हणजे खिडकीला टांगायचा कार कूलर. अमेरिकेत तीसच्या दशकापासून पन्नासच्या दशकापर्यंत वाळवंटी भागात हे चालायचे, थर्मॅडोर हे त्यातलं प्रसिद्ध नाव. गाडी पळाली की वारा तोंडातून आत शिरतो, ओल्या पॅडमधून जातो आणि गार होऊन आत येतो. आपल्या डेझर्ट कूलरचंच तत्त्व, कोरडी हवा असेल तरच चालतं, म्हणून मे महिन्यात इथे मस्त चालेल आणि पाऊस लागला की काढून ठेवायचा. मिळाला तर घ्यायच्या आधी एकच गोष्ट तपासा, अमेरिकन कूलर बहुतेक उजव्या खिडकीसाठी असतात, तिकडे ती पॅसेंजरची बाजू, आपल्याकडे तिथे ड्रायव्हर बसतो. डाव्या खिडकीत लावल्यावर हवा घेणारं तोंड पुढेच येतं ना, हे गाडीला धरून बघा. आतलं जुनं पॅड कुजलेलंच निघेल, त्याच्या जागी कूलरवाल्याकडचं लाकडाचं भुसभुशीत गवत बसतं, थोडा खस मिसळा, आणि टाकी कडेपर्यंत पाण्याने भरून रात्रभर परातीत ठेवा, गळती असेल तर सकाळी कळेल.