हापूसच्या काडीवर ईएमएस: पहिल्या पालवीला भुलू नका

ईएमएस या रसायनाची प्रक्रिया केलेल्या काडीला, म्हणजे कलमासाठी कापलेल्या फांदीला, निराळी पालवी फुटली की उत्परिवर्तन (जनुकातला कायमचा बदल) मिळालं असं वाटतं. तसं नसतं. कितीतरी जणांची वर्षं इथेच वाया जातात, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

संकराने आंबा सुधारतोच. वेंगुर्ल्याची रत्ना (१९८१) नीलम आणि हापूसच्या संकरातून आली आणि तिच्यात साका, म्हणजे गर स्पंजासारखा होण्याचा दोष, नाही. पण संकरात सगळेच गुण ढवळून निघतात. हापूस हापूसच राहावा आणि एखादाच दोष जावा, अशी आस असेल तर उत्परिवर्तनाकडे वळायचं. इथाइल मिथेन सल्फोनेट, म्हणजे ईएमएस, डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनला चिकटतं. मग त्या ग्वानिनची जोडी सायटोसिनऐवजी थायमिनशी जमते आणि एकच अक्षर बदलतं.

बाठे भिजवू नका. हापूसच्या बाठ्यातून एकच रोप येतं आणि तेही आईसारखं नसतं. त्यातला वेगळेपणा मुळातलाच, रसायनाचा नव्हे. रायवळचे बाठे खुंटासाठी, म्हणजे ज्या रोपावर काडी बांधायची त्यासाठी, ठेवा आणि प्रक्रिया काडीवर करा.

आठ-दहा दिवस आधी काडीवरची पानं देठ ठेवून कापा. डोळा, म्हणजे पालवी फुटायची जागा, फुगलेला हवा, फुटलेला नको. ईएमएसची बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आपल्या दमट हवेचं पाणी आत सुटतं आणि रसायन बाटलीतच नासायला लागतं. द्रावण साध्या पाण्यात नको, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (सामू म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) करा, सामू ७. पाण्यात ईएमएसचं विघटन होऊन आम्ल तयार होतं, डोळा आम्लाने जळतो आणि ते मरण आपण मात्रेच्या खात्यावर मांडतो. एक लिटर बफरला ५ मिली म्हणजे ०.५ टक्के. ओतल्यावर तळाशी तेलकट थेंब बसतात. ते दिसेनासे होईपर्यंत बंद बाटली हलवत राहा. थेंब राहिले तर तळाला टेकलेला डोळा करपतो आणि वरच्याला काहीच लागत नाही. काडी उलटी धरून फक्त शेंडा बुडवा, कापलेलं टोक बाहेर ठेवा. द्रावण रोज ताजं करा आणि तापमान लिहून ठेवा: २० अंशाला ईएमएस निम्मं व्हायला सुमारे ९३ तास लागतात, ३० अंशाला सुमारे २६. थंड प्रदेशातली वेळ दापोलीत जशीच्या तशी चालत नाही.

पहिल्या फेरीत ०.१, ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ टक्का अशी चढण ठेवा. सोबत नुसत्या बफरमधल्या काड्या आणि काहीच न केलेल्या काड्याही हव्यात. कोय कलमं, म्हणजे बाठ्यातून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेली कलमं, तशीही काही मरतातच. बफरवाल्या शंभरातली ८० जगली, तर निम्मी मर म्हणजे ४० जगणं, ५० नव्हे. हा हिशेब चुकला की पुढची मात्राच चुकते.

ईएमएसने कर्करोग होऊ शकतो. फ्यूम हूड आणि नायट्राइलचे दुहेरी हातमोजे नसतील तर काम सुरूच करू नका. काड्या वाहत्या पाण्याखाली दोन ते चार तास धुवा. ते पाणी आणि उरलेलं द्रावण सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करूनच टाका, वहाळात तर कधीच नको. कलम बांधणाऱ्याला पट्टी दातात धरायची सवय असेल तर ती त्या दिवशी मोडायला लावा. एवढी शिस्त पाळलीत तर घाबरायचं कारण नाही.

आता खरा खड्डा. डोळा म्हणजे एक पेशी नव्हे, थरांवर थर असलेल्या कितीतरी पेशी. ईएमएसने बदल होतो तो त्यातल्या एखाद्या पेशीत. ती वाढली की फांदीवर तिचं एक ठिगळ होतं, शेजारी जुन्या हापूसच्या पेशी तशाच. यालाच कायमेरा म्हणतात. अशा फांदीची दोन पानं अरुंद येतात, तिसरं नेहमीसारखं. पुढच्या पालवीत सगळीच नेहमीसारखी. बदल खोटा नव्हता, जुन्या पेशींनी त्याला मागे टाकलं. शिवाय रसायनाच्या धक्क्यानेही पानं वाकडी, ठिपकेदार येतात. ते तर उत्परिवर्तनच नव्हे, दोन पालव्यांत जातं.

म्हणून पहिली फांदी वाढली की तिच्या प्रत्येक डोळ्याचं वेगळं कलम करा. बदललेला दिसेल तेवढाच नको, सगळे डोळे घ्या. ठिगळ कुठल्या डोळ्याखालून गेलंय हे बाहेरून कळत नाही. त्या कलमांच्या फांद्यांचे डोळे पुन्हा बांधा. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत गुण टिकला, फांदीभर सारखा दिसला, तरच त्याला नाव द्या. त्याआधी फोटो काढा, मोजमाप लिहा, जाहीर काही करू नका.

एम.एस्सी.च्या दोन वर्षांत हापूसची नवी जात निघेल असं सांगणारा मार्गदर्शक दुसऱ्याच्या वेळेवर उदार असतो. कलमाला फळ धरायलाच चार-पाच वर्षं लागतात, आणि साका तर फळ कापल्याशिवाय कळत नाही. दोन वर्षांत मात्रा ठरवणं आणि दुसरी पिढी बांधून ठेवणं होतं, तेवढा प्रबंध भक्कम असतो. लवकर निकाल हवा असेल तर पपई घ्या. पुसा नन्हा ही बुटकी पपई उत्परिवर्तनातूनच आलेली आहे, जरी गॅमा किरणांच्या.

लेबलं ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून तारेने सैल बांधा. पेनाने लिहिलेलं जुलैपर्यंत धुऊन जातं, आणि लेबल गेलेलं कलम खुंटासकट उपटून टाकावं लागतं.