'लेजिस्लेट' लिहिण्याआधी कर्ता बघा

गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी. 'लेजिस्लेट' म्हणजे कायदा करणं, आणि तो अधिकार संसदेचा नाहीतर विधिमंडळाचा. गडचिरोलीतल्या ग्रामसभेनं दारूबंदीचा किंवा तेंदूपत्त्याचा ठराव घेतला, तर तिथं 'पास्ड अ रेझोल्यूशन' लिहा. ठराव कितीही वजनदार असला तरी. 'लेजिस्लेट' या क्रियापदापुढं 'अ लॉ' नको, कायदा त्यातच आला. विषय सांगायला 'ऑन', बंदी सांगायला 'अगेन्स्ट'. डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर अधिवेशनात जादूटोणाविरोधी विधेयक मंजूर झालं, म्हणून 'महाराष्ट्र लेजिस्लेटेड अगेन्स्ट ब्लॅक मॅजिक'. कायद्याचं नाव घ्यायचंच असेल तर 'एनॅक्ट' वापरा: 'पार्लमेंट एनॅक्टेड द फॉरेस्ट राइट्स ॲक्ट इन २००६'.