कोनफ्लॉवर: वाणाची निवड आणि लागवड

न्यू जर्सी, इलिनॉय किंवा ओहायोत राहणाऱ्या आणि परसात फुलझाडांचे चार वाफे राखणाऱ्या मराठी मंडळींना मे महिन्यात रोपवाटिकेत कोनफ्लॉवरचे इतके प्रकार दिसतात, की नेमके कोणते रोप घ्यावे हे ठरवणे अवघड होऊन बसते. केशरी, पिवळे, गडद लाल, पोपटी, दुहेरी पाकळ्यांचे, बुटके अशी रोपे शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर निगा मात्र एकसारखीच लिहिलेली असते. प्रत्यक्षात एखादा वाण वाफ्यात वर्षानुवर्षे टिकणार की पहिल्याच हिवाळ्यात जाणार, हे बरेचसे तो कोणत्या जातीपासून तयार झाला आहे यावर ठरते. म्हणून रंगाआधी कूळ पाहावे, असा माझा आग्रह आहे.

कोनफ्लॉवर म्हणजे इकिनेशिया या प्रजातीतली फुलझाडे. या प्रजातीतल्या जाती दहाच्या आसपास असून त्या सगळ्या मूळच्या उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातल्या आहेत. बागेत सर्वांत जास्त दिसते ती इकिनेशिया पर्प्युरिआ, म्हणजे गुलाबी-जांभळ्या पाकळ्यांची आणि मधोमध तांबूस-केशरी काटेरी शंकू असलेली जात. तिची मुळे तंतुमय असतात, त्यामुळे ती साध्या बागेच्या मातीत सहज रुळते आणि थोडासा ओलावाही सोसते. पॅलिडा, अँगुस्तिफोलिया आणि पॅराडॉक्सा या जातींना मात्र खोल जाणारे सोटमूळ असते. पॅलिडाच्या अरुंद, फिकट पाकळ्या खाली लोंबतात. अँगुस्तिफोलिया ही अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानी प्रदेशातल्या कोरड्या गवताळ रानातली ठेंगणी जात असून तिची मुळे तिथल्या मूलनिवासी जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या औषधासाठी वापरली आहेत. पॅराडॉक्सा ही मिसुरी आणि आर्कान्सामधल्या ओझार्क डोंगराळ भागातली, आणि तिची फुले पिवळी असतात. टेनेसीएन्सिस ही जात नॅशव्हिलच्या परिसरातल्या चुनखडीच्या खडकावरील पातळ मातीत उगवते. 1979 मध्ये ती अमेरिकेच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गेली होती आणि तिच्या जागा राखून संख्या वाढवल्यानंतर 2011 मध्ये तिला त्या यादीतून वगळण्यात आले. रानातले रोप किंवा मूळ कधीही उपटून आणू नये, हे इथेच सांगून ठेवतो.

विसावे शतक संपेपर्यंत बागेतला कोनफ्लॉवर गुलाबी किंवा पांढरा एवढाच होता. त्यानंतर शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये आणि इतरत्र पर्प्युरिआ आणि पिवळी पॅराडॉक्सा यांचे संकर झाले आणि केशरी, जर्दाळू, लाल असे रंग बाजारात आले. हे रंग खरोखर सुंदर आहेत, परंतु त्यांच्यात कोरड्या, खडकाळ जमिनीच्या जातीचे रक्त आहे, आणि हिवाळाभर ओली राहणारी चिकणमाती त्यातल्या अनेकांना मानवत नाही. शिवाय ही रोपे बहुधा ऊतीसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत रोपाच्या बारीकशा तुकड्यापासून वाढवून ऐन फुलावर असताना विकली जातात, म्हणजे फुले भरपूर असतात आणि बुंध्यात हिवाळा काढण्यापुरती ताकद साठलेली नसते. असे रोप घेतलेच, तर पहिल्या वर्षी बऱ्याच कळ्या खुडून टाकाव्यात, जेणेकरून बुंध्याशी नव्या फुटव्यांची दाटी होईल. खरेदी करताना वरच्या फुलाकडे पाहू नये. कुंडीच्या मातीलगत किती फुटवे आहेत ते बोटांनी चाचपून पाहावे, आणि एकच दांडा असलेल्या रोपापेक्षा चार-पाच फुटव्यांचे, फूल नसलेले रोप खुशाल निवडावे.

पहिल्यांदाच लागवड करणाऱ्याने साधी पर्प्युरिआ किंवा तिच्यातूनच निवडलेला वाण घ्यावा. ‘मॅग्नस’च्या पाकळ्या खाली न झुकता जवळपास आडव्या पसरतात आणि 1998 मध्ये त्याला अमेरिकेत त्या वर्षीचे बहुवर्षायू झाड म्हणून मान मिळाला होता. पांढऱ्यात ‘व्हाइट स्वान’ बियांपासूनही चांगला येतो आणि ‘फ्रेग्रंट एंजल’ त्याहून मोठ्या फुलांचा आहे. जागा कमी असेल तर ‘पाउवाउ वाइल्ड बेरी’ हा बेताच्या उंचीचा, गडद गुलाबी वाण शोभतो. केशरी, पिवळे आणि लाल रंग हवेच असतील, तर बियांपासून येणारे ‘शायेन स्पिरिट’ हे मिश्रण मला एकेका महागड्या संकरित रोपापेक्षा अधिक भरवशाचे वाटते, कारण त्यातली चार रोपे गेली तरी उरलेली तुमच्या मातीला जुळलेली असतात. डेलावेअरमधल्या माउंट क्यूबा सेंटर या वनस्पती उद्यानाने 2018 ते 2020 या काळात अनेक वाण शेजारी शेजारी लावून त्यांची तुलना केली, त्यात ‘पिका बेला’ हा अरुंद पाकळ्यांचा गुलाबी वाण सर्वांत सरस ठरला. मध्य-अटलांटिक भागातल्या बागांसाठी हा निष्कर्ष विशेष उपयोगी आहे.

दुहेरी पाकळ्यांच्या वाणांविषयी माझे मत स्पष्ट आहे, आणि त्यामागचे कारण फुलाकडे जवळून पाहिल्यास लगेच कळते. कोनफ्लॉवरच्या बाहेरच्या पाकळ्या वांझ असतात. खरी फुले म्हणजे शंकूवरची शेकडो बारीक फुले होत, आणि ती केशरी टोकांच्या ताठ काट्यांच्या आड बसलेली असतात. ती एकदम उमलत नाहीत. आधी कडेचे वर्तुळ उमलते, त्यावर परागांचे पिवळे कडे दिसते, आणि ते कडे रोज थोडे थोडे वर सरकत शेंड्यापर्यंत पोहोचते, म्हणून एकच फूल मधमाश्या, भुंगे आणि फुलपाखरांना कितीतरी दिवस अन्न पुरवत राहते. दुहेरी वाणात याच बारीक फुलांच्या जागी पाकळ्या आलेल्या असतात, त्यामुळे मध आणि पराग एक तर नसतात किंवा सापडत नाहीत. शोभेसाठी एखादे असे रोप लावायला हरकत नाही, परंतु वाफ्याचा मोठा भाग एकेरी फुलांचाच असावा.

जागा निवडताना दिवसाचे किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा या दोन गोष्टी पाहाव्यात. त्यातही निचऱ्याला झुकते माप द्यावे, कारण पर्प्युरिआ कडक थंडीत सहसा मरत नाही, ती मरते थंडीत साचलेल्या पाण्याने. खड्ड्यात पाणी भरून ठेवले आणि ते काही तासांनीही जिरले नाही, तर तिथे सहा ते आठ इंच उंचीचा गादीवाफा करावा. लागवड वसंतात, शेवटचे हिमतुषार टळल्यावर करावी. उशिरा शरदात लावलेल्या रोपाची मुळे गोठण्याआधी पसरत नाहीत आणि गोठत-वितळत राहणारी जमीन त्याला वर उचलते. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे, जिथून पाने फुटतात तो बुंधा मातीच्या बरोबरीने राहील असे पाहावे, आणि लाकडी भुशाचे आच्छादन घातलेच तर बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी सोडावी.

घरी गुलाब आणि शेवंतीला शेणखत घालून रोज पाणी द्यायची सवय असलेल्यांना इथे हात आखडता घ्यावा लागतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोलवर जाईल असे पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून लांबलेल्या कोरड्या काळातच पाणी लागते. वसंतात कंपोस्टचा पातळ थर पुरेसा आहे. नत्र जास्त झाले की दांडे उंच आणि मऊ वाढतात, आणि जुलैच्या एखाद्या वादळी पावसात अख्खे झाड आडवे होते.

बियांपासून लागवड स्वस्त पडते. पर्प्युरिआचे बी चार आठवडे ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवले, तर उगवण एकसारखी होते. सोटमुळाच्या जातींना अशी थंडी सुमारे तीन महिने द्यावी लागते. याहून सोपी रीत म्हणजे दुधाचा रिकामा प्लास्टिकचा गॅलन मधोमध आडवा कापावा, तळाला भोके पाडावीत, तीन-चार इंच माती भरून बी पेरावे, वरून जेमतेम झाकले जाईल इतकीच माती भुरभुरावी, वरचा भाग चिकटपट्टीने पुन्हा जोडावा आणि झाकण काढून तो डिसेंबर-जानेवारीत अंगणात बर्फापावसात ठेवून द्यावा. एप्रिलमध्ये रोपे आपोआप वर येतात. फुले बहुधा दुसऱ्या वर्षी येतात. संकरित वाणाचे बी धरले तर मूळ वाणासारखी फुले येतील याचा नेम नसतो.

रोगांपैकी ‘ॲस्टर यलोज’ ओळखता येणे अत्यावश्यक आहे. वांग्यावरचा पर्णगुच्छ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा लगेच समजेल, कारण दोन्हींच्या मुळाशी फायटोप्लाझ्मा हा जिवाणूसारखा सूक्ष्मजीव असतो आणि दोन्ही तुडतुड्यांमुळे पसरतात. पाकळ्या हिरव्याच राहतात, पाने पिवळी पडतात, शंकूतून पानांचे वेडेवाकडे झुबके फुटतात आणि रोप खुरटते. यावर उपाय नाही, औषध फवारून उपयोग होत नाही, आणि कितीही जीव लावलेले असले तरी ते रोप मुळासकट उपटून कचऱ्यात टाकावे, नाहीतर तुडतुडे तो रोग शेजारच्या रोपांवर नेतात. मात्र उपटण्यापूर्वी एकदा नीट पाहावे. पाने हिरवीगार आहेत, रोप जोमदार आहे आणि फक्त शंकूवरच एखादा झुबका आला आहे, तर ते सूक्ष्म कोळ्यांचे काम असण्याची शक्यता अधिक असते, आणि तेवढी फुले कापून नष्ट केली की रोप वाचते.

जूनच्या अखेरीपासून येणारे जपानी भुंगेरे सकाळी सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकून टाकावेत. फुले देठाशी कुरतडून माना टाकल्यासारखी लोंबू लागली, तर तो सोंडकिडा असतो. तो त्याच फुलात अंडी घालतो, म्हणून लोंबणारी आणि खाली पडलेली फुले गोळा करून लगेच नष्ट करावीत. ससे कोवळी रोपे फस्त करतात, त्यामुळे पहिल्या वसंतात रोपांभोवती जाळी लावणे बरे.

सुरुवातीची सुकलेली फुले कापत गेल्यास बहर लांबतो, परंतु ऑगस्टअखेर कापणी थांबवावी. सुकलेल्या शंकूंतले बी टिपायला गोल्डफिंच येतात (न्यू जर्सीचा हा राज्यपक्षी), आणि पिवळे पक्षी दांड्यावर झोके घेत बी सोलताना पाहायला मिळावेत, यासाठीच मी शरदात वाफा साफ करण्याच्या विरोधात आहे. हिवाळा सरल्यावर दांडे जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवून कापावेत, कारण काही एकांड्या मधमाश्या अशा पोकळ किंवा भुसभुशीत दांड्यांत घर करतात. पर्प्युरिआचा जुडगा तीन-चार वर्षांनी दाट होऊन मधोमध विरळ दिसू लागला, तर वसंतात नवे फुटवे दोन-तीन इंचांचे असताना तो उपटून, प्रत्येक भागाला मुळे आणि फुटवे राहतील अशा बेताने सुरीने वेगळा करून पुन्हा लावावा. सोटमुळाच्या जाती मात्र जिथे लावल्या तिथेच राहू द्याव्यात, त्यांचे मूळ तुटले की त्या सहसा सावरत नाहीत.