तुळईचं डिझाइन शिकताना: सेक्शन नक्की कशामुळे ठरतो?

बेंडिंग (वाकल्याने येणारा ताण), शिअर (छेदाला कापू पाहणारा ताण), डिफ्लेक्शन (तुळई किती खाली झुकते) या क्रमाने तपासण्या शिकवल्या जातात, म्हणून डिफ्लेक्शन शेवटी उरकायची बाब वाटते. लाकडी फ्लोअरच्या तुळईत बहुधा तीच सेक्शन, म्हणजे छेदाची रुंदी-उंची, ठरवते.

दोन्ही टोकांना नुसती टेकलेली ४ मीटर स्पॅनची तुळई घ्या. सेक्शन १०० × २०० मिमी, स्ववजनासह लोड मीटरला ३ किलोन्यूटन, सगळीकडे सारखा. मोमेंट (तुळईला वाकवणारा परिणाम) येतो ६ किलोन्यूटन-मीटर, टोकाचा शिअर ६ किलोन्यूटन. बेंडिंग स्ट्रेस (दर चौरस मिमीवरचं बल) ९ न्यूटन प्रति चौरस मिमी. आयताकृती सेक्शनमध्ये कमाल शिअर स्ट्रेस सरासरीच्या दीडपट असतो, म्हणून तो ०.४५. लाकडाची जात आणि ग्रेड नीट निवडली तर दोन्ही मर्यादेत बसतात. इलॅस्टिक मॉड्युलस (लाकडाचा ताठपणा) १०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरून डिफ्लेक्शन काढलं की मात्र १५ मिमी येतं. मर्यादा स्पॅन भागिले ३६०, म्हणजे ११.१ मिमी असेल, तर तुळई नापास.

इथे रुंदी वाढवायचा मोह होतो. १२५ × २०० केलं तर लाकूड २५ टक्के जास्त लागतं आणि डिफ्लेक्शन १२ मिमी, अजूनही नापासच. १०० × २२५ ला फक्त साडेबारा टक्के जास्त लाकूड लागतं आणि डिफ्लेक्शन १०.५ वर येतं, कारण उंचीचा इथे घन लागतो. स्पॅनचा तर चौथा घात: त्याच सेक्शनवर आणि मीटरला त्याच लोडवर ४ चे ५ मीटर केले की डिफ्लेक्शन जवळजवळ अडीचपट.

सारख्या पसरलेल्या लोडखाली, टेकलेल्या आयताकृती तुळईत बेंडिंग स्ट्रेस भागिले शिअर स्ट्रेस बरोबर स्पॅन भागिले उंची येतं. वर ४००० ÷ २०० = २० आणि ९ ÷ ०.४५ = २०. उत्तर पडताळायला याहून सोपी युक्ती नाही. आखूड आणि उंच तुळईत शिअर का वरचढ होतो, तेही यातूनच कळतं.

एककांत किलोन्यूटन प्रति मीटर आणि न्यूटन प्रति मिमी यांचा आकडा एकच असतो. सुरुवातीपासून न्यूटन आणि मिमीत राहिलात तर दहाच्या घातांचा गोंधळ होत नाही.

लाकूड कायमच्या लोडखाली हळूहळू आणखी वाकतं. तेवढ्या लोडच्या डिफ्लेक्शनला दीड ते दोनने गुणून पाहा. ओलं लाकूड बसवलं तर आणखी जास्त.

स्टीलचा मॉड्युलस सुमारे २ लाख, आणि तो ग्रेडप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे डिफ्लेक्शनमध्ये नापास झालेला आय-सेक्शन (I आकाराचा छेद) महागडं, जास्त ताकदीचं स्टील वापरून पास होत नाही. उंचीच वाढवावी लागते. शिअर मुख्यतः वेब (मधली उभी पट्टी) घेतो, तेव्हा क्षेत्रफळ एकूण उंची गुणिले वेबची जाडी इतकंच धरा. स्टीलमध्ये नवशिक्याकडून खरी चूक होते ती दाबातल्या फ्लँजची (वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीची). त्याला बाजूने आधार नसेल तर तुळई पिळून आडवी सरकते, तीही बेंडिंगची पूर्ण ताकद वापरली जाण्याआधी. कॅंटिलिव्हरमध्ये (एकाच टोकाला घट्ट धरलेल्या तुळईत) खालच्या दिशेच्या लोडने दाब खालच्या फ्लँजला येतो. वर स्लॅब आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

टेकूवर लाकूड आडव्या धाग्यांत चिरडतं, म्हणून बेअरिंगची (टेकूवर टेकलेल्या भागाची) लांबी वेगळी तपासा. टेकूजवळ खालून खाच मारू नका: कोपऱ्यातून धाग्याच्या दिशेने चीर धावते आणि शिअरचं सगळं गणित निरुपयोगी ठरतं. उंची जुळवायचीच असेल तर पूर्ण उंचीला धरणारा स्टीलचा हँगर लावा.