एनजीओत करिअर करायचंय? आपल्याला जमेल असं काम कसं शोधायचं

"मला समाजासाठी काहीतरी करायचंय" असं म्हणत मुलं येतात तेव्हा मी एकच विचारते, की बाबा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय करायला आवडेल? इथे बहुतेकांची गाडी अडते. कारण सगळीकडून त्यांना सल्ला मिळालेला असतो "तुझी पॅशन शोध", मग ते पर्यावरण, शिक्षण, महिलांचे प्रश्न, प्राणी अशी यादी करून बसतात. यादी करायला हरकत नाही, पण तिच्यावरून नोकरी ठरत नाही. पर्यावरणवाल्या संस्थेतला अकाउंटंट आणि शिक्षणवाल्या संस्थेतला अकाउंटंट, दोघांचा दिवस जवळपास सारखाच जातो. उलट एकाच संस्थेतला अकाउंटंट आणि वस्तीवस्तीत फिरणारा फील्डवाला यांचे दिवस बघा, काही म्हणजे काही जुळत नाही. म्हणून विषय थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी काम शोधा.

१. कामं किती प्रकारची असतात ते बघा

लोकांना वाटतं एनजीओ म्हणजे फील्डवर जाणं आणि फोटो काढणं. प्रत्यक्षात प्रोग्रॅम टीम असते जी लोकांबरोबर थेट काम करते, फंडरेझिंगवाले असतात जे प्रपोजल लिहितात आणि डोनर सांभाळतात, एमअँडई म्हणजे मॉनिटरिंग आणि इव्हॅल्युएशनवाले असतात जे कामाचा खरंच उपयोग होतोय का ते आकड्यांत बघतात, शिवाय फायनान्स, कायदेशीर पूर्तता, कम्युनिकेशन, पॉलिसी, रिसर्च, एचआर, आयटी, लॉजिस्टिक्स. मेदसां सां फ्राँतिए (म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) ही वैद्यकीय मदत करणारी संस्था १९७१ मध्ये डॉक्टर आणि पत्रकारांनी मिळून काढली, पण तिथे आज पाणी-स्वच्छतेचे लोक लागतात, हिशेब बघणारे लागतात, गोदाम सांभाळणारे लागतात. बऱ्याचशा लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतच शेवटच्या दवाखान्यापर्यंत न्याव्या लागतात, आणि ते जमवणारा माणूस डॉक्टर असायची गरज नसते. अर्थशास्त्र किंवा स्टॅटिस्टिक्स आवडत असेल तर २००३ मध्ये सुरू झालेल्या जे-पालसारख्या संस्था आहेत, गरिबीवरचे कोणते उपाय खरंच चालतात ते प्रयोग करून तपासणाऱ्या. जे-पालच्या संस्थापकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना याच प्रकारच्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर यांच्यासोबत.

२. जाहिराती वाचा, अर्ज करू नका

रिलीफवेब (संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदत विभागाची साइट, १९९६ पासून चालू आहे) आणि आयडियलिस्ट या दोन साइट उघडा आणि पंधरावीस जाहिराती एका शीटमध्ये टाका. तीन कॉलम पुरे: पदाचं नाव, रोजची कामं, मागितलेलं स्किल. संस्थेच्या मिशनबद्दलचा सुरुवातीचा गोड परिच्छेद सोडून द्या. पदांच्या नावांवर जाऊ नका, 'प्रोग्रॅम ऑफिसर' हे नाव एका ठिकाणी लोकांमध्ये फिरणाऱ्याला असतं आणि दुसऱ्या ठिकाणी दिवसभर रिपोर्ट तपासणाऱ्याला.

३. ते काम करणाऱ्या माणसाशी बोला

हीच खरी अवघड पायरी, आणि तिच्याबद्दल मिळतो तितका वाईट सल्ला दुसऱ्या कशाबद्दल मिळत नाही. "नेटवर्किंग कर" म्हणे. म्हणजे काय करायचं? मग मुलं संस्थेच्या डायरेक्टरला लांबलचक मेसेज पाठवतात, "सर मला या क्षेत्रात मार्गदर्शन हवं आहे", आणि उत्तर येत नाही म्हणून खचतात. उत्तर येणारच नाही हो, कारण त्या मेसेजला उत्तर द्यायचं तर त्या माणसाला बसून निबंध लिहावा लागेल. विद्यार्थी असताना याच पायरीवर मी बराच काळ अडकून होते, त्यामुळे इथे जरा सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे डायरेक्टरच्या मागे लागू नका. नोकरीला लागून दोनतीन वर्षं झालेला माणूस पकडा. डायरेक्टरला संस्थेची गोष्ट छान सांगता येते, स्टेजवर सांगून सांगून ती गुळगुळीत झालेली असते. दोन वर्षंवाल्याला मात्र गेल्या आठवड्यात कुठली एक्सेल फाइल उघडून बसलो होतो ते आठवत असतं, आणि तुम्हाला तेच हवंय.

दुसरं, मेसेज चार ओळींचा ठेवा. मी अमुक शिकते, तुमच्या संस्थेच्या अमुक प्रोजेक्टचा रिपोर्ट वाचला, त्यातल्या या मुद्द्याबद्दल आणि तुमच्या रोजच्या कामाबद्दल दोन प्रश्न आहेत, पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का. बस. सीव्ही जोडू नका. सीव्ही दिसला की समोरच्याला वाटतं ही नोकरी मागतेय, आणि नोकरी देणं त्याच्या हातात नसतं, मग तो गप्प बसतो. आणि रिपोर्ट खरंच वाचलेला असू द्या, नाहीतर पहिल्या मिनिटालाच कळतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रश्न. "तुमचा अनुभव कसा आहे?" विचारलंत की "खूप समाधान मिळतं" हे उत्तर ठरलेलं, आणि त्यातून कळतं शून्य. त्याऐवजी विचारा, "काल ऑफिसला आल्यापासून काय काय केलंत?" एका मुलीला मी शेजारी बसून असाच फोन लावायला सांगितला होता. पलीकडची ताई एमअँडईत होती. आधी म्हणाली, "आम्ही इम्पॅक्ट मोजतो." हिने कालच्या दिवसाबद्दल विचारल्यावर पलीकडून हसू आलं आणि मग खरं बाहेर पडलं: कोबो नावाच्या अ‍ॅपवरून फील्डच्या लोकांनी भरलेले फॉर्म आले होते, त्यात एकाच बाईचं वय एका ठिकाणी ३४ आणि दुसरीकडे ४३, आणि काल अर्धा दिवस अशा नोंदी शोधून फोन करून दुरुस्त करण्यात गेला. फोन ठेवल्यावर ही मुलगी म्हणते, "मला हे आवडेल!" दुसरा कुणी हेच ऐकून पळाला असता, आणि तेही बरोबरच होतं. इतका वेळ वाचला ना.

आणखी विचारण्यासारखं: या कामातला कंटाळवाणा भाग कोणता? तुमच्या जागेवर आधी जे होतं ते का सोडून गेलं? तुमचं कॉन्ट्रॅक्ट किती काळाचं आहे? शेवटचे दोन प्रश्न विचारायला लाज वाटते, तरी विचारा, नीट विचारलं तर लोक सांगतात. पगाराचं थेट नको, "नवीन माणसाला या पदावर साधारण किती मिळतं" असं विचारा. फोन ठेवायच्या आधी "अजून कोणाशी बोलू?" हे विचारायचंच, कारण पुढचं नाव तिथूनच मिळतं. वेगवेगळ्या कामांतल्या तिघाचौघांशी तरी बोलणं झाल्याशिवाय काही ठरवू नका, आणि सगळे एकाच संस्थेतले नकोत. आणि एक सांगते, जो माणूस फक्त त्यागाच्या गोष्टी सांगतो आणि पगाराचा विषय काढला की तुम्हालाच अपराधी वाटायला लावतो, त्याचं ऐकून घ्या आणि दुसऱ्याला फोन लावा. घरभाडं भरावं लागणं हा काही गुन्हा नाही.

४. पैसा कुठून येतो ते बघा

संस्थेचा वार्षिक अहवाल आणि ऑडिट झालेले हिशेब उघडा. दोन गोष्टी शोधा. एक, सगळा पैसा एकाच डोनरकडून येतोय का. दोन, त्यातला किती विशिष्ट प्रोजेक्टलाच बांधलेला आहे आणि किती संस्थेला हवा तसा वापरता येतो. बांधलेल्या पैशावरची नोकरी बहुतेक वेळा ग्रँट संपली की संपते, काम कितीही चांगलं असो. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने यूएसएडचे (इतर देशांना मदत देणारी त्यांची सरकारी संस्था) बहुतेक कार्यक्रम बंद केले तेव्हा जगभरातल्या, अनेक वर्षं चाललेल्या संस्थांमधली माणसं काही आठवड्यांत घरी बसली. त्यातली कितीतरी माणसं कामात हुशार होती.

आणि "अ‍ॅडमिनवर कमी खर्च म्हणजे चांगली संस्था" हे ऐकलं असेल तर विसरा. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स, म्हणजे एनजीओंची माहिती देणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या तीन संस्थांनीच, खुलं पत्र काढून सांगितलं की एवढ्या एकाच आकड्यावरून संस्था जोखू नका. तुमच्या दृष्टीने तर अ‍ॅडमिनवर अगदीच कमी खर्च हा धोक्याचा इशारा असू शकतो, कारण ट्रेनिंग, बरा लॅपटॉप आणि तुम्हाला शिकवायला वेळ असलेला सीनियर हे सगळं त्याच खात्यातून येतं.

५. थोडं करून बघा

ज्या कामाबद्दल फोनवर ऐकलं तेच काम थोड्या दिवसांसाठी मागा. "काहीही द्या, मी करेन" म्हणालात तर खुर्च्या लावायला मिळतील. त्यापेक्षा "तुमच्या सर्व्हेचा डेटा साफ करून देते" किंवा "रिपोर्टचं भाषांतर करते" असं नेमकं सांगा. घरबसल्या करायचं असेल आणि वय १८ पूर्ण असेल तर यूएन व्हॉलंटियर्सची ऑनलाइन कामं आहेत.

६. डिग्री सगळ्यात शेवटी

बरेचजण उलटं करतात, आधी सोशल वर्क किंवा डेव्हलपमेंट स्टडीजला अ‍ॅडमिशन आणि मग करायचं काय याचा विचार. दुसऱ्या पायरीतली शीट उघडा आणि तुम्हाला आवडलेल्या कामासमोरचा तिसरा कॉलम बघा. तिथे पुन्हापुन्हा अकाउंटिंग दिसत असेल तर अकाउंटिंगचा कोर्स करा, लॉगफ्रेम दिसत असेल तर ते १९६९ मध्ये यूएसएडसाठी तयार झालेलं एक टेबल आहे, प्रोजेक्टचं उद्दिष्ट, परिणाम, कामं आणि ती मोजायची कशी हे एका पानावर मांडणारं, ते शिकायला डिग्री लागत नाही, शनिवार-रविवार पुरतो. खरंच सोशल वर्कची डिग्री मागितलेली असेल, समुपदेशन किंवा केसवर्कच्या (एकेका माणसाच्या अडचणीवर त्याच्यासोबत काम करायच्या) कामांत ती अनेकदा मागतात, तर मग खुशाल फॉर्म भरा, आणि कॉलेज निवडताना फील्डवर्कचे तास किती आणि कोणत्या संस्थांमध्ये ते आधी विचारून घ्या.