डेटा डिरेक्टरी हलवली आणि मारियाडीबी सुरूच होईना: एसईलिनक्सचा उपाय

आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स) किंवा रॉकी लिनक्सवर मारियाडीबी या डेटाबेसचा डेटा 'आरसिंक -ए' या कॉपी करणाऱ्या कमांडने नव्या डिस्कवर, /डेटा/मायएसक्यूएल मध्ये नेला. मालकी आणि परवानग्या बरोबर, तरी सर्व्हिस सुरू होत नाही आणि लॉगमध्ये एरर १३ (परवानगी नाकारली) दिसते. अडवतोय तो एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधली जादा सुरक्षा यंत्रणा, जी फायलीवरचं लेबल पाहून परवानगी ठरवते. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) करून काही होणार नाही, उलट डेटा उघडा पडेल.

आधी एलएस -झेड (मोठा झेड) करून फायलींची लेबलं पाहा. जुन्या जागी लेबल मायएसक्यूएलडी_डीबी_टी होतं, नव्या जागी डिफॉल्ट_टी किंवा अनलेबल्ड_टी आहे. लेबल फायलीच्या एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट्समध्ये असतं आणि आरसिंक -ए ते नेत नाही, त्यासाठी मोठा एक्स (-एक्स) लागतो. खात्री करायला 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' चालवा, म्हणजे एसईलिनक्सने नुकतेच दिलेले नकार दिसतील. काहीच सापडलं नाही तर 'सेमोड्यूल -डीबी' (दोन्ही अक्षरं मोठी) ने लपवलेले नकारही लॉगमध्ये येतात. काम झाल्यावर ते पूर्ववत करणारं 'सेमोड्यूल -बी' (मोठा बी) विसरू नका.

उपाय दोन ओळींचा:
सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /व्हार/लिब/मायएसक्यूएल /डेटा/मायएसक्यूएल
रिस्टोरकॉन -आरव्ही /डेटा

(कमांड टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत.) पहिली ओळ नव्या वाटेला जुन्या वाटेचेच नियम लावते, दुसरी ते फायलींवर उतरवते. सीएचकॉन या कमांडने लेबल लगेच बदलतं, पण पुढच्या रीलेबलला (नियमांप्रमाणे लेबलं पुन्हा लावताना) पुसलं जातं.

ऑडिट२अलाऊ (लॉगमधल्या नकारांवरून परवानगीचे नियम बनवणारं साधन) याचं मॉड्यूल इथे घालू नका. त्याने डेटाबेसला डिफॉल्ट_टी लेबलच्या सगळ्याच फायली खुल्या होतात. पोर्टही ३३०७ केला असेल, तर तो सेमॅनेज पोर्टने मायएसक्यूएलडी_पोर्ट_टी मध्ये वेगळा जोडावा लागतो.